पाचवं पोर्ट

"डिस्क दिसत नाही," असं मी भाच्याला फोनवर सांगितलं, तर त्याने उलट मलाच विचारलं, "मामा, कुठे दिसत नाही?" मला राग आला. दिसत नाही म्हणजे दिसत नाही, त्यात कुठे काय? तो ऑफिसात होता. "संध्याकाळी बोलतो, तोवर काही उघडू नकोस," म्हणून त्याने फोन ठेवला. मी संध्याकाळपर्यंत हातावर हात ठेवून बसलो असतो, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

प्रश्न नेमका होता, हे आता कळतं. विंडोजच्या 'धिस पीसी'मध्ये डिस्क नाही, पण 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये आहे, तर ती बहुधा धडधाकट असते. तिला ड्राइव्हचं अक्षर मिळालेलं नसतं, किंवा कोरी असल्यामुळे तिच्यावर पार्टिशन पडलेलं नसतं. तिथेही नाही, पण संगणक सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये गेलं की यादीत नाव आहे, तर घोळ विंडोजच्या अंगणात, बहुतेक वेळा ड्रायव्हरचा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या पुष्कळ लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकायला घेतलं की डिस्कची यादी रिकामी दिसते आणि माणसाच्या पोटात गोळा येतो, तो याच जातीचा प्रकार. तिथे व्हीएमडी नावाची सोय चालू असते आणि तिचा ड्रायव्हर इन्स्टॉलेशनच्या पेन ड्राइव्हवर नसतो, एवढंच. बायोसच्या यादीतही नाव नसेल, तेव्हा मात्र केबल, वीज, पोर्ट, नाहीतर खुद्द डिस्क, यांच्याकडे बघायचं. माझ्या डिस्कचं नाव बायोसमध्येच नव्हतं. हे मी पाहिलंही होतं. त्यावरून काय ठरवायचं, ते मात्र माहीत नव्हतं.

मी पुस्तकांची आणि मासिकांची अक्षरजुळणी करतो. आमच्या धंद्यात जुन्या फायलींना फार किंमत. युनिकोड येण्याआधीच्या फाँटांमध्ये केलेली पुस्तकं, पेजमेकरच्या फायली, श्रीलिपीत टाइप केलेले मजकूर, सगळं जपून ठेवावं लागतं, कारण दहा वर्षांनी लेखक दारात उभा राहतो आणि म्हणतो, "दुसरी आवृत्ती काढू या." हे सगळं एका चार टीबीच्या हार्ड डिस्कवर होतं. बॅकअप होता, पण तो मार्चपर्यंतचा. गणपती उठले होते आणि एका दिवाळी अंकाची निम्मी पानं लावून झाली होती. ती पानं फक्त या डिस्कवर होती. बॅकअपबद्दल मी लोकांना व्याख्यानं दिलेली आहेत.

अंकासाठी जुन्या छायाचित्रांचे मोठे स्कॅन आले आणि संगणक रखडायला लागला, म्हणून मी एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी आणली. च्युइंगमच्या पट्टीएवढी वस्तू. मदरबोर्डवरच्या एम डॉट टू नावाच्या खाचेत तिरकी घालायची, खाली दाबायची आणि तीळभर स्क्रू पिळायचा. स्क्रू एकदा ग्राफिक्स कार्डाखाली पडला, त्याला चिमट्याने काढलं. संगणक सुरू केला, नवी एसएसडी आली, सुसाट चालली. मी चहा ठेवायला गेलो. परत येऊन अंकाचं फोल्डर उघडायला गेलो, तर हार्ड डिस्कच गायब.

आता बायोस अद्ययावत करण्याची दुर्बुद्धी मला का झाली, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. जुलै २०१९मध्ये एएमडीचे रायझन ३००० मालिकेचे प्रोसेसर बाजारात आले. ते बी४५० चिपसेटच्या मदरबोर्डांवर चालायचे, पण दुकानात पडून असलेल्या बोर्डांचं फर्मवेअर त्यांच्या जन्माआधीचं होतं. नवा प्रोसेसर, नवा बोर्ड, सगळं नीट जोडलेलं, तरी पडदा काळा. बोर्ड प्रोसेसरला ओळखायचाच नाही. त्यावर नेहमीचा उपाय म्हणजे आधीच्या पिढीचा प्रोसेसर लावून बायोस नवा करायचा आणि मग नवा बसवायचा. ज्यांच्याकडे जुना प्रोसेसर नव्हता, त्यांना एएमडी स्वतः एक साधा प्रोसेसर तेवढ्यापुरता उसना पाठवत असे. माझा संगणक त्याच वेळी जोडलेला. मित्राकडून जुना प्रोसेसर मागून आणला, बायोस नवा केला आणि मेलेला वाटणारा बोर्ड जागा झाला. त्या दिवसापासून ती पुडी माझ्या खिशात. एकदा गुण आला की माणूस तीच पुडी तापाला देतो, खोकल्याला देतो आणि पाय मुरगळला तरी देतो.

वास्तविक माझ्या पिढीच्या लोकांना बायोसची भीती असायला हवी. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या व्हायरसने जगभरातल्या संगणकांच्या डिस्क पुसल्या आणि जिथे जमलं तिथे बायोसच्या चिपवरही कचरा लिहून ठेवला. ज्यांची चिप गेली, त्यांचा संगणक बटण दाबून काहीच करेना. ज्या चिपवर आपण मजेत 'अपडेट' म्हणून लिहितो, ती पुसलीही जाते, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. पण भीती जुनी झाली की जाते.

अपडेट उगाच असतात असं मी म्हणत नाही. ऑगस्ट २०२४मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी जो ०x१२९ मायक्रोकोड आला, तो बायोस अपडेटमधूनच मिळत होता. तो न घेणाऱ्याचा प्रोसेसर जास्तीच्या व्होल्टेजने झिजण्याचा धोका होता. डिसेंबर २०२३मध्ये उघड झालेली 'लोगोफेल' नावाची बायोसच्या सुरक्षेतली भोकंही अपडेटशिवाय बुजण्यासारखी नव्हती. प्रत्येक अपडेटबरोबर कंपनी दोन-चार ओळी छापते. ते कशासाठी काढलं आहे, ते त्यात असतं. माझ्या बोर्डाच्या ताज्या अपडेटखाली दोन गोष्टी होत्या: नव्या प्रोसेसरांना आधार आणि रॅमची सुसंगतता. डिस्कचा तिथे नामोल्लेख नव्हता. त्या ओळी मी वाचल्या आणि तरीही अपडेट उतरवून घेतलं. न वाचता केलं असतं तर निदान अज्ञानाच्या नावावर खपलं असतं.

शिवाय वार गुरुवार. पुण्यात गुरुवारी वीज जाते, हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. दुरुस्तीची कामं त्याच दिवशी काढतात. माझ्या यूपीएसची बॅटरी कधीच मान टाकून बसलेली, वीज गेली की तो फक्त शिट्टी मारतो. बायोसची चिप लिहिली जात असताना वीज गेली तर अर्धवट लिहिलेला बोर्ड पुढे सुरूच होत नाही. काही बोर्डांना प्रोसेसरशिवायही पेन ड्राइव्हवरून बायोस भरायचं बटण असतं. माझ्याला नाही. मग उरतो आठ पायांच्या त्या चिपला चिमटा लावून बाहेरच्या प्रोग्रॅमरने ती लिहून घेण्याचा खटाटोप. हे सगळं माहीत असून मी पेन ड्राइव्ह लावला आणि पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत सरकताना बघत बसलो. वीज गेली नाही. यात माझं कर्तृत्व शून्य.

संगणक पुन्हा सुरू झाला तसा काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक इंग्रजी परिच्छेद आला. एफटीपीएम बदललं आहे, वाय दाबलं तर ते कोरं होईल, डिस्क कुलूपबंद असेल तर रिकव्हरी कीशिवाय विंडोज उघडणार नाही, एन दाबलं तर जुनं राहील, अशा अर्थाचा. आज मला तो जवळजवळ पाठ आहे. त्या दिवशी 'वाय की एन' एवढंच दिसलं आणि मी वाय दाबलं. आयुष्यभर सगळ्या अशा प्रश्नांना आपण वायच दाबत आलो आहोत.

टीपीएम म्हणजे किल्ल्या सांभाळणारी सोय, एफटीपीएम हा तिचाच फर्मवेअरमधला प्रकार. विंडोज ११ला ती लागते म्हणून मी ती कधीतरी चालू केली होती, आणि लेखकांची हस्तलिखितं सुरक्षित राहावीत म्हणून विंडोजच्या डिस्कला बिटलॉकरही लावलं होतं. बिटलॉकरची किल्ली टीपीएमच्या पोटात असते. ते पोट मी नुकतंच स्वच्छ केलं होतं. निळा पडदा आला आणि त्याने ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. की मी जपून ठेवली होती. 'महत्त्वाचे' नावाच्या फोल्डरमध्ये. ते फोल्डर त्या गायब हार्ड डिस्कवर.

सुदैवाने तीच की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातही जमा झालेली होती, आणि खात्याचा पासवर्ड बायकोच्या डायरीत होता. फोनवर ती काढली, सहा-सहा आकड्यांचे आठ गट चष्मा पुसत पुसत टाइप केले आणि विंडोज उघडलं. बिटलॉकर आधी तात्पुरतं स्थगित करून मग बायोसला हात लावायचा असतो. कंट्रोल पॅनेलमध्ये त्याची चक्क एक ओळ आहे, 'सस्पेंड प्रोटेक्शन'. एवढं होऊन हार्ड डिस्क दिसत होती का? छे. उलट रॅमचा वेग ३२००वरून २१३३वर आला होता, कारण अपडेटबरोबर माझी सगळी सेटिंग्जही पुसली गेली होती.

इथे थांबायला हवं होतं. दुपारचे तीन वाजले होते आणि मी रंगात आलो होतो.

डिस्कला वीज मिळत नसावी, असं मी ठरवलं. ठरवलं म्हणतो, कारण तपासलं नाही. चालू संगणकात हार्ड डिस्कच्या अंगावर दोन बोटं ठेवली असती, तर आतल्या तबकड्यांची थरथर जाणवली असती आणि वीज मिळते आहे हे दोन सेकंदांत कळलं असतं. कॅबिनेटच्या पंख्यांच्या आवाजात कानाला ते कळत नाही, बोटांना कळतं. मी बोटं ठेवली नाहीत. माळ्यावरून केबलींचा डबा काढला.

त्या डब्यात माझ्या आधीच्या एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीच्या, केबली होत्या. हल्लीच्या चांगल्या एसएमपीएसच्या केबली सुट्या असतात, हव्या तेवढ्याच लावायच्या. अशा केबलीचं डिस्ककडचं टोक जगभर सारखं असतं. एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र कसलाही नियम नाही. कुठल्या पिनेत बारा व्होल्ट आणि कुठल्या पिनेत पाच, हे प्रत्येक कंपनी आपलं आपण ठरवते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ते बदलू शकतं. आणि तरीही टोकाचा आकार पुष्कळदा तंतोतंत तोच. माझी जुनी केबल नव्या एसएमपीएसमध्ये 'टक्' करून अशी बसली की मला समाधान वाटलं.

बटण दाबलं. पंखा जरासा हलला, एसएमपीएसमधून एक टिचकी वाजली आणि सगळं बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. घाईघाईने मूळ केबल परत लावली. तरी तेच.

मला काय वाटलं असेल? बायोस बिघडला! सकाळी केलेलं अपडेट आता अंगावर आलं, अशी माझी खात्री झाली. बोर्डावरची सीआर२०३२ची गोल बॅटरी काढून ठेवली, बोर्ड कोरा होण्याची वाट पाहिली, परत लावली. काहीही फरक नाही. तसंही बॅटरी काढल्याने फक्त सेटिंग्ज पुसतात, फर्मवेअर मागच्या आवृत्तीवर जात नाही. सकाळी जिची काही चूक नव्हती त्या हार्ड डिस्कसाठी मी बायोसला धरलं होतं, आणि दुपारी ज्याची काही चूक नव्हती त्या बायोसला माझ्या केबलीसाठी धरत होतो.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "एक एक वस्तू काढ आणि सुरू करून बघ," तो म्हणाला. हार्ड डिस्कची वीज काढली आणि संगणक लगेच सुरू झाला. "म्हणजे डिस्कच गेलीय मामा. शॉर्ट दाखवतेय." त्याचं निदान त्याला मिळालेल्या माहितीवर बरोबर होतं. मी त्याला केबल बदलल्याचं सांगितलं नाही, कारण मूळ केबल परत लावल्यावर तो विषय माझ्या मते मिटला होता. आणि सकाळी नवी एसएसडी बसवली हेही सांगितलं नाही. ती तर छान चालत होती, तिचा काय संबंध?

शुक्रवारी डिस्क पिशवीत घालून तपकीर गल्लीकडे गेलो. तिथल्या एका जिन्याखाली डिस्क दुरुस्त करणारा एक तरुण बसतो. त्याने डिस्क उलटीपालटी केली, नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि विचारलं, "काका, दुसरी केबल लावली होती का?" मी खोटं बोलू शकलो नाही. त्याने काही शेरा मारला नाही, नुसतं 'हं' म्हटलं. ते 'हं' मला अजून ऐकू येतं.

मग त्याने जे केलं ते मी टेबलावर वाकून पाहिलं. डिस्कच्या पोटाला स्क्रूंनी बसवलेलं हिरवं सर्किट असतं, ते त्याने सोडवलं. विजेच्या सॉकेटाच्या मागेच हरभऱ्याच्या डाळीएवढे दोन काळे चौकोनी तुकडे होते. त्यांना टीव्हीएस डायोड म्हणतात, एक पाच व्होल्टच्या वाटेवर, एक बाराच्या. साडेतीन इंची डिस्कमध्ये पाच व्होल्टवर मुख्यतः तिचं इलेक्ट्रॉनिक्स चालतं आणि बारावर मोटर. पाचच्या वाटेने जास्त व्होल्टेज आलं, तर हा डायोड ते सगळं स्वतःवर ओढून जमिनीला जोडून टाकतो आणि बहुधा तसाच जोडलेला राहतो, म्हणजे कायमचा शॉर्ट. त्यामुळे पुढच्या चिपा वाचतात आणि एसएमपीएस शॉर्ट ओळखून बंद पडतो. ती टिचकी त्याची होती. तरुणाने मल्टिमीटरची दोन टोकं त्या डायोडला लावली आणि मीटर 'पीं' करून वाजलं. दुसऱ्याला लावली, वाजलं नाही. त्याने तापल्या सोल्डरिंग गनने पहिला तुकडा उचलला, टेबलावर टाकला, पुन्हा मीटर लावलं. शांत. सर्किट परत बसवलं, डिस्क डॉकमध्ये उभी केली, आणि ती गरगरायला लागली.

माझं दिवाळी अंकाचं फोल्डर त्याच्या स्क्रीनवर आलं. मी त्याला चहा पाजला, त्याहून जास्त काही मला सुचेना. "हिला आता संरक्षण नाही," तो म्हणाला, "आजच्या आज सगळं दुसरीकडे घ्या." मी तिथूनच नवी चार टीबीची डिस्क घेतली. कॉपी व्हायला रात्र लागली, शनिवारी दुपारी ती ताब्यात मिळाली.

घरी आलो, नवी डिस्क कॅबिनेटमध्ये बसवली, मूळ केबली लावल्या आणि संगणक सुरू केला. बायोसच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

त्या क्षणी मी कोणाकोणावर संशय घेतला, ते लिहिण्यासारखं नाही. त्यात त्या दुकानातल्या मुलाचंही नाव होतं, आणि त्याची मी मनातल्या मनात माफी मागितली आहे. एक बरं झालं, त्या रात्री मी आणखी काही केलं नाही. हिंमतच उरली नव्हती.

रविवारी भाचा स्वतः आला. कॅबिनेटचं झाकण काढलं, टॉर्च मारला आणि म्हणाला, "हे एम डॉट टूमध्ये काय आहे? कधी बसवलंस?"

"गुरुवारी."

"आणि डिस्क कधी गेली?"

"गुरुवारी."

त्याने बोर्डाची पुस्तिका मागितली. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, न उघडलेली, टेबलाच्या खणात होती. साटा पोर्टांच्या चित्राखाली बारीक टाइपात एक ओळ होती. आमच्या भाषेत सहा पॉइंट. एम डॉट टूच्या खाचेत एसएसडी असेल, तर पाचवं आणि सहावं साटा पोर्ट चालणार नाही. माझ्या हार्ड डिस्कची लाल केबल पाचव्या पोर्टात होती, संगणक जोडला तेव्हापासून.

कारण अगदी साधं आहे. या जातीच्या प्रोसेसरकडे डिस्कांसाठी राखून ठेवलेले चार मार्ग असतात. ते चारही एका एनव्हीएमईला द्यायचे, नाहीतर दोन एनव्हीएमईला आणि दोन साटा पोर्टांना. माझ्या बोर्डात खाच रिकामी असेपर्यंत पाचवं-सहावं पोर्ट चालत होतं. पट्टी आत गेली तशी त्यांचा रस्ता तिकडे वळला. डिस्क फिरत होती, तिला वीज मिळत होती, ती फक्त कशालाच जोडलेली नव्हती. सगळ्याच बोर्डांवर असं नसतं, कुठे पहिलं-दुसरं पोर्ट जातं, कुठे काहीच जात नाही, म्हणून तर पुस्तिका. भाच्याने लाल केबल पाचव्यातून उपसून दुसऱ्यात खोचली. डिस्क आली.

अंक वसुबारसेच्या दोन दिवस आधी छापून हातात पडला. उशिराचं कारण म्हणून संपादकांना मी "हार्ड डिस्क गेली" एवढंच कळवलं होतं. पुढच्या अंकाच्या बैठकीत तो विषय पुन्हा निघाला. त्यांनी डिस्कच्या कंपनीचं नाव विचारलं, मी ते सांगितलं, आणि मग हल्लीच्या कंपन्या कसा रद्दी माल काढतात यावर त्यांनी सगळ्यांना चांगलं पंधरा मिनिटं ऐकवलं. मी मधे एकदा मानही डोलावली.